शंभर रुपयांची कपात

खासदाराच्या कचेरीत काम करते म्हटलं की लोकांना वाटतं, हिला देशाची गुपितं माहीत असणार. मला माहीत असायचं ते इतकंच: साहेबांना आज किती लग्नं आहेत, त्यातली कोणती टाळता येतील, कोणत्या गावचे कोणते दोन पुढारी एका गाडीत बसत नाहीत, आणि कोणाच्या पत्रावर 'बघतो' म्हणायचं नि कोणाच्या पत्रावर 'पाठपुरावा करतो' म्हणायचं. दोन्ही पत्रं एकाच फायलीत जातात, पण दुसरा माणूस चहा पिऊन जातो.

अकरा वर्षं हे काम केलं. दर वर्षाची एक वही. रोजची यादी, काम झालं की बरोबरची खूण, नाही झालं की बाण काढून दुसऱ्या दिवशीच्या पानावर. कचेरी नारायणगावात, एका बियाण्यांच्या दुकानाच्या वर. माझं घर महाळुंगे पडवळला. अधिवेशन असलं की मी साहेबांबरोबर दिल्लीला, नसलं की रोज सकाळी साडेनऊला जिन्याचं कुलूप उघडायला. साहेब एका छोट्या पक्षाचे, विरोधी बाकांवरचे. त्यांचं नाव सांगत नाही, कारण ते अजून राजकारणात आहेत आणि मी अजून त्याच रस्त्याने जाते-येते.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका गावाने बिबट्याची बदली मागितली होती. 'सदर बिबट्या तीन वर्षांपासून एकाच जागी आहे' असं अर्जात लिहून खाली सरपंचांचा शिक्का मारला होता. दुसऱ्या एका गावाला चौकात ठेवायला जुना रणगाडा हवा होता. सैन्यातून बाद झालेले रणगाडे मिळतात असं कोणीतरी कुठेतरी बघून आलं होतं. मी विचारलं, रणगाड्याचं करणार काय? शिष्टमंडळातले एक भाऊ म्हणाले, "ताई, शेजारच्या गावात कारंजं हाय."

आणि एक होते सुभेदार तात्या.

तात्या पिंपरी पेंढारचे. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून आलेले. कधीही आले तरी शर्टाला इस्त्री, चपला जिन्याच्या खाली एका रेषेत. काकूंना साखरेचा विकार, त्यात मूत्रपिंडाचं दुखणं. औषधं माजी सैनिकांच्या दवाखान्यातून मिळायची, ती पुण्यात. म्हणजे दर पंधरा दिवसांनी तात्यांनी पहाटेची एसटी धरायची, औषधं घ्यायची, संध्याकाळी परत. मुलगा गुजरातेत कारखान्यावर, मुलगी सासरी. तो सगळा दिवस काकू घरात एकट्या. एकदा अशाच दिवशी त्या मोरीत पडल्या होत्या. शेजारीण ताक द्यायला आली म्हणून कळलं. तात्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, वय चौऱ्याहत्तर. त्यांची मागणी एका ओळीची होती: जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या माजी सैनिकांसाठी पंधरा दिवसांतून एकदा ओझरला औषधांची गाडी यावी. फिरता दवाखाना. ओझर का, तर देवळामुळे चारी बाजूंनी एसटी येते.

"गाडी आली म्हंजी मी दोन तासांत घरी," तात्या म्हणाले. "तेवढा वेळ ती बसून काढंल."

मी वहीत लिहिलं. पत्र पाठवलं. उत्तर आलं की बाब तपासली जात आहे. पुन्हा पाठवलं. पुन्हा तपासली जात होती. दीड वर्ष मी त्या एका ओळीला बाण काढत होते.

तेव्हा मला वाटलं, हे काम पत्राचं नाही, सभागृहाचं आहे. इथे थोडं समजावून सांगते, कारण आपल्याकडे अर्थसंकल्प म्हणजे 'काय स्वस्त, काय महाग' एवढंच वाचलं जातं.

फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडतात, तेव्हा पैसे मंजूर झालेले नसतात. ते नुसतं सांगणं असतं. मग प्रत्येक खातं लोकसभेपुढे हात पसरतं, त्याला अनुदानाच्या मागण्या म्हणतात. संरक्षण खात्याच्याही असतात: पगाराच्या, तोफा-विमानांच्या, निवृत्तिवेतनाच्या. आधी खासदारांची एक समिती त्यांची छाननी करून अहवाल देते. मी ते अहवाल वाचायचे. दिल्लीच्या कचेरीतले त्रिपाठीजी, ज्यांनी पाच खासदार आणि सहा पंखे वापरून जुने केले होते, म्हणायचे की ते अहवाल वाचणारी मी त्यांना भेटलेली दुसरी व्यक्ती. पहिला मुद्रितशोधक होता.

समितीनंतर मागण्या सभागृहात. पण दिवस थोडे, खाती पुष्कळ, त्यामुळे चार-पाच खात्यांवर चर्चा ठरते. उरलेल्यांसाठी गिलोटिन. हो, फ्रान्समध्ये मुंडकी उडवायला वापरायचे तेच नाव. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, चर्चा झाली असो वा नसो, शिल्लक सगळ्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकतात. अध्यक्ष विचारतात, सभागृह 'हां' म्हणतं, आणि ज्यातली शून्यं मोजताना माझा बोटांचा हिशेब दोनदा चुकला, तो आकडा मंजूर होतो. पुढे त्याचं विनियोजन विधेयक, म्हणजे तिजोरीतून पैसे काढायच्या परवानगीचं, होतं. ते राज्यसभेत जातं, पण राज्यसभा त्यावर बोलू शकते, बदलू शकत नाही. वाचून परत करते. मग राष्ट्रपतींची सही.

आता या सगळ्यात एका साध्या खासदाराने औषधाची गाडी मागायची कुठे? मागता येत नाही. सभागृह पैसे द्यायचे की कमी करायचे एवढंच ठरवू शकतं, वाढवू शकत नाही. म्हणून एक युक्ती आहे. खासदाराने लेखी सूचना द्यायची: 'या मागणीतून शंभर रुपये कमी करावेत,' आणि खाली कारण: 'अमुक गोष्टीची गरज.' शंभर रुपये कोणाला कापायचे नसतात. ती तक्रार नोंदवायची रीत आहे. पानात मीठ वाढायचं राहिलं हे सांगायला पानातलं एक शीत बाजूला काढून ठेवावं, तसं.

त्रिपाठीजींनी मला तो नमुना दिला तेव्हा मला फार आनंद झाला. नमुन्याला चौकटी होत्या. मी मागणी क्रमांक, शंभर रुपये, 'जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील माजी सैनिकांसाठी फिरत्या दवाखान्याची गरज', सगळं स्वच्छ अक्षरात भरलं. साहेबांनी गाडीत बसता बसता सही केली. त्या वर्षी संरक्षणावर चर्चा ठरली होती, खात्यांच्या यादीत चौथ्या नंबरला. आमच्या पक्षाच्या वाट्याला चार मिनिटं.

चार मिनिटांच्या भाषणाची माझी यादी एका मुद्द्याची होती. साहेबांनी तिचे सहा केले. एक, शिवनेरीला वंदन. दोन, जवानांच्या शौर्याला वंदन. तीन, कांदा. चार, बिबट्या. पाच, रणगाडा. सहा, फिरता दवाखाना. मी विचारलं, संरक्षणात कांदा कुठे आला? साहेब म्हणाले, "ताई, जवान जेवतात की नाही?" आणि बिबट्या? "सीमेवर जवान आहे, उसात कोण आहे?" मी फोनवर घड्याळ लावून सराव घेतला. दोन वंदनांनाच तीन मिनिटं दहा सेकंद लागली. मी दवाखाना वर घ्या म्हणाले. ते म्हणाले, शिवनेरीच्या वर काही घेतलं तर घरी जाता येणार नाही.

आणि मग मी चूक केली. माझ्या अकरा वर्षांच्या वह्यांमधली सगळ्यात नेटकी चूक. यादीत लिहिलं होतं: 'सूचना दाखल – खूण. तालुक्याच्या ग्रुपवर टाकणे – खूण.' कामाचा माणसांना पत्ता लागावा म्हणून मी त्या कागदाचा फोटो मराठी भाषांतरासकट व्हॉट्सअॅपवर टाकला. 'खासदार साहेबांची सूचना: संरक्षण खात्याच्या मागणीतून शंभर रुपये कमी करावेत.' समजावणे, असा मुद्दा मी यादीत घातलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळेफाट्याला फ्लेक्स लागला. 'सैन्याचे शंभर रुपये कापणाऱ्यांचा निषेध.' विरोधी गटाच्या, जिल्हा परिषदेच्या एका माजी सदस्यांनी लावला होता. फ्लेक्सवर त्यांचा फोटो शेजारी छापलेल्या रणगाड्यापेक्षा मोठा होता. दुपारपर्यंत नारायणगावच्या एसटी स्टँडवर शंभर जणांकडून एकेक रुपया गोळा करून झाला, 'सैन्याला परत पाठवण्यासाठी'. शंभरावा माणूस मिळेना म्हणून चहावाल्याकडून दोनदा घेतला, असं मला स्वतः चहावाल्याने सांगितलं.

मी तेव्हा दोन दिवसांसाठी गावाकडे आले होते. कचेरीत बसून फोन घेत होते. एक जण विचारायचा, राव, शंभरच का कापले, जरा मोठा आकडा तरी घ्यायचा. दुसरा विचारायचा, ते शंभर रुपये साहेबांना मिळणार का. पुण्याहून एका वाहिनीच्या माणसाने विचारलं की साहेबांचा सैन्याला नेमका कशासाठी विरोध आहे.

संध्याकाळी चारला जिन्यावर पावलं वाजली. तात्या. डोक्यावर फौजेतली जुनी हिरवी बॅरे टोपी होती. ती घालून ते याआधी कधी आले नव्हते. खुर्ची दिली तर बसले नाहीत. खिशातून शंभराची नोट काढली, दोन्ही हातांनी सरळ केली आणि माझ्या वहीवर ठेवली.

"ताई, हे तिकडं भरा. माझ्या नावानं फौजेचं काय कापलं गेलं, असं नको."

मी त्यांना सगळं समजावलं. मागण्या, सूचना, रीत, चौकटी. अर्धा तास. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "म्हंजी मागायचं म्हणून कापायचं?"

"हो, तात्या. कागदावर फक्त."

"आमच्यात असं न्हाई. लागलं तर मागत्यात. न्हाई मिळालं तर गप बसत्यात." टोपी नीट केली आणि म्हणाले, "हिचं औषध मी आणीन. सूचना मागं घ्या."

नोट परत द्यायला गेले तर हात मागे घेतला. सैन्यासाठी शंभर रुपये भरायचं खातं कुठे असतं ते मला माहीत नव्हतं. मी ती टाचणीने त्या दिवसाच्या पानाला लावली.

सूचना मागे घ्यायला तात्यांची गरजच पडली नाही. साहेबांनी दिल्लीहून त्याच संध्याकाळी पत्र दिलं होतं. सूचना द्यायला दीड वर्ष लागलं, मागे घ्यायला दोन ओळी. दरम्यान सभागृहात कशावरून तरी गोंधळ सुरू झाला, रोज तहकूब, रोज तहकूब. दोन खात्यांवर चर्चा झाली आणि गिलोटिनचा दिवस आला. चौथ्या नंबरचं संरक्षण त्याच्याखाली गेलं. शिवनेरी, कांदा, बिबट्या, सगळं साहेबांच्या खिशात राहिलं. मी त्रिपाठीजींना म्हटलं, सूचना मागे घेतली नसती तरी काय झालं असतं? ते म्हणाले, "कुछ नहीं मैडम. वो भी उसी में कट जाती."

गावी मात्र वेगळंच घडलं. साहेबांच्या कार्यकर्त्यांनी ओझरच्या एका मंगल कार्यालयात सत्कार ठेवला: 'सैन्याचा एक रुपयाही कमी होऊ न देणारे लोकप्रतिनिधी.' शाल, श्रीफळ, विघ्नहराची मूर्ती. त्याच रविवारी मंचरला त्या माजी सदस्यांचा सत्कार झाला, कारण त्यांच्या आंदोलनामुळे सूचना मागे घ्यावी लागली होती. अशा रीतीने देशाचे शंभर रुपये एका दिवसात दोनदा वाचले. ओझरच्या सत्काराची व्यवस्था मी केली होती. खुर्च्या, हार, ध्वनिक्षेपक, जेवण, सगळ्यांपुढे खूण. तात्या तिसऱ्या रांगेत होते. टाळ्या वाजवत होते, आणि मनापासून वाजवत होते.

पुढच्या हिवाळ्यात रणगाडा आला.

तो खरंच आला. कशावर चर्चा नाही, सूचना नाही. एक अर्ज, चार सह्या, दोन फोन, आणि एके दिवशी लांबलचक ट्रेलरवर लादून, फुलांच्या माळा घालून. मिरवणूक काढायचं ठरलं. ढोल-ताशा, लेझीम, पुढे साहेबांची उघडी जीप. मिरवणुकीचं वेळापत्रक माझं. बायपास सोडून गावातल्या रस्त्याने नेऊ नका असं मी लिहून दिलं होतं. पण बायपासला फोटो चांगले येत नाहीत. रणगाडा नारायणगावच्या चौकात वळेना. ट्रेलर आडवा अडकला. दोन्ही बाजूंनी टोमॅटोचे टेम्पो, उसाच्या ट्रॉल्या, एसट्या. अडीच तास कोणी हललं नाही.

त्यातल्या एका एसटीत तात्या होते, मांडीवर औषधांची पिशवी. हे त्यांनीच मला मागाहून सांगितलं. खिडकीतून रणगाडा दिसला तेव्हा ते एसटीत उभे राहिले आणि त्यांनी सॅल्यूट केला. "जुना व्हता, पण आपला व्हता," म्हणाले. "लई बरं वाटलं बघा."

त्या वेळी काकू घरी चुलीजवळ पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. रोज ताक घेऊन येणारी शेजारीण त्या दिवशी रणगाडा बघायला गेली होती.

काकू वाचल्या. पण त्यानंतर उठल्या नाहीत.

माझ्या त्या दिवसाच्या पानावर 'मिरवणूक' या शब्दापुढे बरोबरची खूण आहे. पुष्कळदा वाटलं खोडावी. मी वहीत कधी खोडत नाही.

फेब्रुवारीत तात्या कचेरीत आले. या वेळी खुर्चीवर बसले. म्हणाले, "ताई, ती नोट हाय का अजून?"

मी जुनी वही काढली. नोटेला टाचणीचा गंज लागला होता. त्यांनी ती घेतली, घडी न घालता खिशात ठेवली. "ही मी परत घेतली. आता यंदा कापा. शंभर कापायचे, दोनशे कापायचे, तुमच्या रीतीत बसंल ते कापा. पण कुणाच्या तरी कानावर घाला."

मी नमुना पुन्हा भरला. साहेबांपुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ वाचला; सही करताना वाचतात त्याच्या कितीतरी पट जास्त. मग म्हणाले, "ताई, या शंभर रुपयांवर माझा सत्कार झालाय. शाल घेतलीय मी. आता तेच कापू?" त्यांचा आवाज वाईट नव्हता. खरंच अडचण होती त्यांची. मी कागद फायलीत ठेवला. त्यावर काय लिहायचं ते मला त्या दिवशी सुचलं नाही; 'बघतो'ही नाही, 'पाठपुरावा'ही नाही.

त्या वर्षी चर्चेच्या यादीत संरक्षण नव्हतंच. सरळ गिलोटिन. साहेब दिल्लीला होते, मी नारायणगावला. दुपारी चारला तात्या आले. काकूंजवळ मुलगी आली होती, म्हणून मोकळे होते. टीव्हीवर दाखवतात ना ते, म्हणाले, बघतो मी. तीच बॅरे टोपी, शर्टाला इस्त्री. साहेबांनी सही केली नव्हती हे मी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, तरी बघतो. फौजेचं येईल तेव्हा तरी कोणीतरी काहीतरी बोलेल.

आम्ही दोघं बसलो. मी चहा मागवला. साडेपाचपर्यंत कुठल्याशा दुसऱ्या खात्यावर भाषणं चालली. तात्या ताठ बसून ऐकत होते, मध्ये मध्ये रुमालाने तो अधू डोळा टिपत होते. सहा वाजले. अध्यक्षांनी एक कागद उचलला, खूप भरभर वाचला, मागण्यांचे क्रमांक, अमुकपासून तमुकपर्यंत. हां. प्रस्ताव स्वीकृत हुआ. कॅमेऱ्यात साहेब दिसले. हात वर करून त्यांनीही काहीतरी म्हटलं. पडद्याच्या खाली पुढचा विषय आला.

तात्या अजून बघत होते. चहा तसाच होता.

"आपलं कधी यायचं, ताई?"

"येऊन गेलं, तात्या."

"कधी?"

"आत्ताच. तो कागद वाचला ना, त्यात."

त्यांनी पुन्हा एकदा टीव्हीकडे पाहिलं, जणू मागे राहिलेलं काही दिसेल. मग चहा एका दमात प्यायले, कप बशीत नीट ठेवला. खिशातून ती गंजाचं टोक असलेली नोट काढली, टेबलावर ठेवली, आणि माझ्याच डब्यातली टाचणी काढून तिच्यावर ठेवली.

"ठिवा परत वहीत. पुढल्या सालाला लागंल."

आणि सव्वासहाची ओतूर गाडी धरायला खाली उतरले. दुसऱ्या दिवशी औषधाचा दिवस होता.